सरावाचा माणूस

पिंजऱ्यात उतरणाऱ्या कुठल्याही मोठ्या फायटरच्या मागे चार-पाच माणसं असतात. कोच असतो, भुवई फाटली तर ती दाबून धरणारा असतो, पाण्याची बाटली सांभाळणारा असतो. आणि एक असा असतो, ज्याच्याकडे कॅमेरा चुकूनही वळत नाही. तो सरावाचा माणूस. पुढची लढत ज्याच्याशी ठरली असेल, तो होऊन दाखवायचं हे त्याचं काम. तसंच उभं राहायचं, तसंच चालून जायचं, तसेच ठोसे टाकायचे, आणि मुख्य म्हणजे आपल्या माणसाचा मार रोज नेमाने खायचा. छोटूकडे हे काम त्याचा सख्खा थोरला भाऊ करायचा. जिममध्ये सगळे त्याला नकल्या म्हणत. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण ते खरंच होतं.

छोटू या नावावर जाऊ नका. हा छोटू हेवीवेट होता. दारातून आत येताना त्याला खांदा तिरका करावा लागे, आणि गाडीत तो ज्या बाजूला बसे ती बाजू खाली दबे. पण घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नाही. पुढे तो जगज्जेता झाला, कमरेला सोनेरी पट्टा बांधून टीव्हीवर आला, तेव्हाही आई पडद्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चेहरा उतरलाय छोटूचा. नीट जेवला नसेल."

नकल्याला ही कला कुणी शिकवली नव्हती. लहानपणी त्याने शाळेतल्या मास्तरांपासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत एकालाही सोडलं नाही. नुसता आवाज काढणं त्याला कमीपणाचं वाटे. आधी माणसाचा श्वास पकडायचा, मग पाय कसा टाकतो ते, बाकीचं आपोआप येतं, असं तो सांगायचा. स्वतःही काही वर्षं पिंजऱ्यात उतरला होता. एका लढतीत उजवा गुडघा असा फिरला की पुन्हा जागेवर आला नाही, आणि त्याचा खेळ तिथेच आटोपला.

छोटूची अडचण निराळी होती. अंगात रेड्याचं बळ, पण स्वभाव असा की झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडणार. जिम होतं एका गॅरेजच्या मागे. जमिनीला रबरी मॅट, मॅटला फिनेलचा वास, आणि मधोमध जाळीचा पिंजरा, ज्याच्या दाराची कडी खिळ्याने अडकवावी लागे. कोचने दोघा भावांना त्यात समोरासमोर उभं केलं, तर छोटू हातच उचलेना.

"दादाला कसं मारू?" तो म्हणाला.

"मग गळ्यात पड त्याच्या," कोच म्हणाला. हा कोच जुना कुस्तीगीर. त्याचे दोन्ही कान चुरगळलेल्या कागदासारखे झाले होते आणि तोंड त्याहून वाकडं होतं. "दोघं मिळून रडा. मी चहा सांगतो."

नकल्या कपडे बदलायच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा हनुवटी वर होती, नाक सारखं ओढत होता, आणि डावा खांदा पुढे काढून असा चालत होता की छोटूची पहिली लढत ज्या उंच गड्याशी ठरली होती, तोच दारातून आत आला असं वाटावं. छोटूच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. पुढच्याच क्षणी नकल्या मॅटवर आडवा होता, ओठ फुटला होता आणि तो हसत होता.

"जमलं," तो म्हणाला. "आता रोज असंच."

अशी त्या कारकिर्दीची सुरुवात झाली. छोट्या हॉलमधल्या लढती, जिथे पंखे गरम हवा फिरवत आणि फायटरला कपडे संडासात बदलावे लागत. छोटू जिंकत होता. कधी जमिनीवर पाडून, कधी गळा आवळून, कधी गुणांवर, हाशहुश करत. चांगला होता, पण त्याच्यासारखे चांगले आणखीही होते. मग तो डावखुरा आला.

डावखुऱ्याची डाव्या पायाची लाथ घातकी होती. नकल्याने त्याचे व्हिडिओ पाहून पाहून तो अंगात मुरवला आणि आठवडेच्या आठवडे तशा लाथा मारल्या. लढतीच्या आदल्या दिवशी कोच सरावाचं चित्रीकरण बघत बसला होता. त्याने अचानक नकल्याला बोलावलं.

"लाथ मारायच्या आधी तुझा उजवा हात खाली पडतो. हे कुठून आणलंस?"

नकल्याने अंगठा दाबून गुडघा चोळला. "गुडघ्यात कळ येते, सर. सगळा भार त्या पायावर येतो ना. तोल सांभाळायला हात जात असेल."

"त्या डावखुऱ्याचा नाही जात. एकाही व्हिडिओत नाही." कोचने कपाळाला हात लावला. "आणि आपलं पोरगं हात पडायची वाट बघायला शिकलंय. वाटोळं केलंस."

ही चूक फक्त या धंद्यातच होऊ शकते. माणसाऐवजी नकलेशी लढायला शिकायचं, आणि नकलेत नकल्याचंच दुखणं निघायचं. दुरुस्तीला वेळ नव्हता. नकल्याला त्या दिवशी घास गेला नाही. आपल्यामुळे धाकट्याचा जबडा फुटणार, हे तो धरूनच चालला होता.

दुसऱ्या फेरीत डावखुऱ्याचा उजवा हात खाली पडला. फार नाही, वीतभर. छोटू त्याचीच वाट बघत होता. एकच ठोसा बसला आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. कोचने मान वळवून नकल्याकडे पाहिलं. त्या नजरेत आनंद होता असं म्हणता येणार नाही.

नंतर डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर डावखुरा जबड्याला बर्फ लावून बसला होता. नकल्या समोरून जाताना त्याने हात करून थांबवलं.

"सरावात तुम्ही मी होता ना?" तो तोंड फारसं न उघडता म्हणाला. "एक विचारू? तुमचा गुडघा दुखतो का?"

"का?"

"मला गुडघ्याचं कधी काही नव्हतं. लाथ उचलली आणि अशी कळ आली, की हात आपोआप खाली गेला. अजून येतेय." त्याने पँटवरून उजवा गुडघा चोळला. नकल्या स्वतःचा गुडघा जसा चोळायचा, अगदी तसा, अंगठा आतल्या बाजूला दाबून.

घरी परतताना नकल्या तीन मजले जिना चढला आणि वर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कठडा धरला नाही. गुडघा गप्प होता. गुडघ्याचा नवा पट्टा मानवला, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो, आणि ऐकणाराही तोच असल्यामुळे पटतंही लवकर.

त्यानंतर हे मुद्दाम सुरू झालं. कुणी कुणाला स्पष्ट बोललं नाही. कोच नुसता विचारायचा, "पुढच्याला काय?" नकल्या सांगायचा, "मान." त्याची मान वर्षानुवर्षं आखडलेली. ती त्याने एका दाढीवाल्याला दिली. लढतीत दाढीवाल्याला डावीकडून आलेली लाथ दिसली, पण मान वळली नाही. दुसऱ्या एकाला त्याने डोळ्याची फडफड दिली, तिसऱ्याला पाठीतला लचका. प्रत्येक वेळी छोटू नेमका तिथे मारायचा, आणि प्रत्येक लढतीनंतर नकल्या आणखी तरतरीत दिसायचा. छोटूला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटे दादाची नजर तीक्ष्ण आहे, दादा माणसाचं कच्चं बरोबर हेरतो. मुलाखतीतही तो तेच सांगायचा.

पट्ट्याची लढत एका कधीच न हरलेल्या बादशहाशी होती. त्याच्यात कच्चं असं काही नव्हतंच. नकल्याकडेही देण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, सिगरेटींनी कमावलेला खोकला तेवढा होता. दोन बारीक आणि एक लांब, असा तो खोकला रोज सकाळी घरभर ऐकू जायचा. नकल्याने बादशहा केला आणि त्याला तिसऱ्या फेरीत दमवला. लढतीतही बादशहा तिसऱ्या फेरीत तोंड उघडून जाळीला टेकला. छोटू जगज्जेता झाला. घरी परत आल्यावर आईने विचारलं, "तुझा खोकला गेला वाटतं?" नकल्या म्हणाला, सिगरेट सोडली ना. सिगरेट त्याने सोडली नव्हती.

वर्षभराने एका मोठ्या हॉलच्या मागच्या जिन्यात नकल्याला तो माजी बादशहा दिसला. अर्ध्या जिन्यातच बॅग मांडीवर घेऊन बसला होता. नकल्या वरच्या पायरीवर होता, त्याने अजून तोंडही पाहिलं नव्हतं. आधी ऐकू आला तो खोकला. दोन बारीक, एक लांब. स्वतःच्या छातीतला, वर्षानुवर्षं उशीत तोंड खुपसून दाबलेला खोकला दुसऱ्याच्या छातीतून येत होता. नकल्याने पुढे टाकलेला पाय मागे घेतला. तो उलट फिरला आणि दुसऱ्या जिन्याने गेला.

"बस झालं," त्याने कोचला सांगितलं. "ते त्यांच्यातून जात नाही, सर. दिलं ते दिलं."

"वय झालं त्याचं. हरला की माणूस एका दिवसात म्हातारा होतो."

"तो माझा खोकला आहे."

कोचने कान खाजवला. मग म्हणाला, "बरं. यापुढे साधा सराव."

साध्या सरावावरही छोटूने पट्टा टिकवला. आता तो खरोखर पिकला होता. त्याचे पाय जड असूनही अचूक पडत, आणि समोरच्याला तो काय करणार हे कळेपर्यंत करून झालेलं असे. मार मात्र वाढला. त्यातला लढतीतला मार लोकांना दिसायचा. सरावातला मार नकल्या खायचा, आणि तो कुणी मोजत नव्हतं. हेल्मेट घातलं तरी जगज्जेत्या हेवीवेटचा ठोसा डोक्यात बसतो तो बसतोच.

गेल्या काही महिन्यांत नकल्याच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली होती. कप उचलायला जावं तर हात कपाच्या डावीकडे पडायचा. साधा शब्द तोंडावर येऊन मागे फिरायचा. दारात उभं राहिल्यावर आत चाललोय की बाहेर, हे ठरवायला क्षणभर जायचा. एकदा तो छोटूच्या मुलीला, आपल्या पुतणीला, आणायला शाळेच्या फाटकाशी गेला होता. सगळ्या मुली एकसारख्या गणवेशात धावत बाहेर आल्या, आणि यातली आपली कोणती हे त्याला कळेना. तिनेच येऊन बोट धरलं तेव्हा जीव भांड्यात पडला. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सराव बंद झाला असता, आणि सराव सोडून त्याला जगात दुसरं काही करता येत नव्हतं.

मग तो रविवार आला. जेवणं झाली होती. छोटूची बायको फळं कापत होती, आई खुर्चीत पेंगत होती, आणि पुतणी जमिनीवर पालथी पडून चित्रं रंगवत होती. नकल्याने कोच केला, मग शेजारीण केली, मग आईला पेंगताना करून आईलाच जागं केलं. सगळे हसून हसून दमले.

"काका, बाबांची नक्कल कर ना," पुतणी म्हणाली. "तू बाबांची कधीच करत नाहीस."

खरं होतं ते. इतक्या वर्षांत त्याने सगळं जग केलं, पण धाकट्याला कधी हात लावला नव्हता.

"कर की दादा," छोटू म्हणाला. "म्हातारा झाल्यावर मी कसा दिसेन ते दाखव. बघू तरी."

नकल्याने नाही म्हणायला हवं होतं. त्याच्या मनात आलंही. पण समोर आपली माणसं हसरे चेहरे करून बसली असली की नक्कल करणाऱ्याला आवरत नाही, तो त्या धंद्याचा दोषच आहे. तो छोटूच्या नेहमीच्या, रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला. श्वास संथ केला. खांदे रुंद झाले, मान आत गेली, आणि खुर्चीत छोटू बसला, सत्तरीचा, सगळ्या लढती लढून झालेला. सगळे आधीच खिदळायला लागले.

म्हाताऱ्या छोटूने चहाचा कप उचलायला हात पुढे केला. हात कपाच्या डावीकडे पडला. त्याने दोनदा टेबलच चिमटीत धरलं. मग त्याला चमचा हवा होता, पण शब्द सापडेना. "ते हे दे गं, ते... ढवळायचं." हसता हसता छोटूच्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं, हातातली सुरी तिने खाली ठेवली. म्हातारा उठला, उजवा पाय ओढत दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला, आत जायचं की बाहेर ते विसरून. मग वळला. जमिनीवरच्या मुलीपाशी आला, कमरेत वाकला, आणि परक्या घरी विचारावं तसं अदबीने विचारलं, "तुम्ही कोणाच्या?"

छोटू इतका हसला की खुर्ची करकरली. पुतणी मात्र रडायला लागली. तिला समजावता समजावता दुपार गेली. "तुझा काका म्हणजे ना," आई म्हणाली, आणि पुन्हा पेंगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकल्याचा हात सरळ कपावर गेला.

कप हातात धरून तो तसाच बसला. बाजूला पडलेल्या वस्तूंची नावं त्याने मनात म्हणून पाहिली. चमचा, किल्ली, कंगवा, चपला. सगळे शब्द जागच्या जागी होते. किती महिन्यांनी डोकं इतकं स्वच्छ झालं होतं. नकल्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नसेल.

आठवड्याभरातच जिममध्ये छोटूने पाण्याची बाटली घ्यायला हात केला आणि तो डावीकडे पडला. छोटू स्वतःवरच हसला. पुढे पत्रकारांसमोर बोलताना तो मध्येच अडला. "मी त्या... त्या जाळीच्या आत..." त्याला पिंजरा हा शब्द आठवेना, ज्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पत्रकारांना वाटलं भावना दाटून आल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता पाय ओढणं, दारात थबकणं, आणि मग पुतणी. नकल्याला क्रम पाठ होता. त्यानेच बसवलेला होता. धाकट्याच्या तोंडून ते शेवटचे दोन शब्द त्या पोरीने ऐकायचे, एवढंच आता उरलं होतं.

छोटूच्या बायकोने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. डोक्याचे फोटो काढले आणि म्हणाला, या व्यवसायात हे दिसतं, लढणं थांबवा. छोटूने एक शेवटची लढत मागून घेतली. नकल्या सरळ त्याच्याकडे गेला.

"नको लढूस. पट्टा आजच सोड."

"दादा, पट्ट्यासकट बाहेर पडू दे. एकच. पुढे मी आहे आणि घर आहे." तो हसला. "घाबरतोस काय, मार तर नेहमी तूच खातोस."

नकल्या कोचकडे गेला आणि त्याने रविवारची गोष्ट सांगितली. कोच कपाटातले ग्लोव्हज उगाच उलटेपालटे करत राहिला.

"परत घे," तो शेवटी म्हणाला.

"घेता येत नाही, सर. आजवर कुणाचं काही परत आलंय का माझ्याकडे? मला फक्त देता येतं."

"मग?"

"मग चांगलं देतो. माझ्याकडे आहे तेवढं."

कोचला कळलं. तो जाडजूड, वाकड्या तोंडाचा माणूस बाकावर बसला. नको असंही तो म्हणाला नाही. त्या पोराला त्यानेही वाढवलं होतं.

त्या दिवसापासून नकल्याने प्रतिस्पर्धी करणं सोडलं. त्यासाठी दुसरा माणूस आणला. नकल्या पिंजऱ्याबाहेर उभा राहायचा आणि छोटू करायचा. पहिल्या वर्षांतला नाही, पिकलेला. पाय जड पण अचूक, नजर स्थिर, श्वास खोल. बाटलीकडे हात गेला की थेट बाटलीवर. आत छोटूचा हात थेट बाटलीवर जायचा. सराव संपला तरी नकल्या छोटूच राहायचा. रस्त्यात, जिन्यात, अंथरुणात. तो डाव्या कुशीवर झोपू लागला, कारण छोटू तसा झोपायचा.

"दादा, तू हल्ली माझ्यासारखा चालतोस," छोटू एकदा म्हणाला.

"भाऊ आहोत. चालणारच."

लढतीत छोटू नीट लढला, फार देखणा नाही, पण चोख. नकल्या कोपऱ्यात उभा होता, गुडघे किंचित वाकवून, डोळ्यांची पापणी न लवू देता. पंचाने छोटूचा हात वर केला. छोटूने मधोमध उभं राहून पट्टा सोडला, ग्लोव्हज काढून मॅटवर ठेवले, आणि माइक हातात घेऊन स्पष्ट शब्दांत म्हणाला, "या पिंजऱ्याने मला सगळं दिलं." एकही शब्द अडला नाही. नकल्या परत खोलीकडे निघाला तेव्हा त्याचा उजवा पाय जरा ओढत होता. दारात पोचल्यावर तो थांबला. मागून येणाऱ्या कोचने खांद्याला धरून त्याला आत नेलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

इथे थांबला असता तर त्याच्याकडे थोडंफार उरलं असतं. पण एक दिवस थकून त्याने नक्कल सोडली, छोटूच्या व्हरांड्यात स्वतःचा म्हणून खुर्चीत बसला, आणि त्याच संध्याकाळी छोटू घराच्या दारात किल्ली हातात घेऊन उभा राहिलेला दिसला, आत जायचं की बाहेर ते न कळून. पुतणी त्याची बाही ओढत होती, "बाबा, चला ना." नकल्या धडपडत उठला, खांदे रुंद केले, श्वास संथ केला. छोटूने कुलूप उघडलं. पुन्हा कधी नकल्याने सोडलं नाही.

तो त्यांच्याकडेच राहायला आला. छोटूची बायको एकदा स्वयंपाकघराच्या दारातून बघून दचकली. "भावोजी, मागून वाटलं हेच बसलेत," ती म्हणाली. छोटू मुलीला शाळेत सोडू लागला, तिची गणितं घेऊ लागला, गॅरेजमागच्या जिममध्ये नव्या मुलांना शिकवू लागला. डॉक्टरने नवे फोटो काढले आणि म्हणाला, असं क्वचित होतं, आनंद आहे. सगळ्यांनाच आनंद होता. नकल्या बोलेनासा झाला, पण त्याने इतका मार खाल्लेला, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. पुतणी तेवढी हल्ली चित्र रंगवायला त्याच्या खुर्चीपाशी बसायची. कधी बाबांकडे बघायची, कधी काकाकडे.

एके सकाळी टेबलाभोवती माणसं बसली होती. खिडकीतून ऊन येत होतं. खुर्चीतल्या माणसाला समोरचा कप दिसत होता, वाफेसकट. त्याने हात पुढे केला. हाताला टेबल लागलं. त्याने पुन्हा हात केला, पुन्हा टेबलच. समोर एक खूप मोठा माणूस बसला होता. त्याने स्वतःचा कप अर्ध्यावर नेऊन तसाच धरला होता आणि तो एकटक इकडेच बघत होता. त्याचा हात जरासुद्धा हलत नव्हता. चांगला सशक्त माणूस दिसत होता. त्याचे डोळे का भरून आलेत ते मात्र समजेना.

शेजारी एक मुलगी होती, शाळेच्या गणवेशात. तिने कप उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं एकेक करून कपाच्या कानाभोवती मिटवली. कुणाची तरी फार गुणी पोर होती. एवढं केलं म्हटल्यावर विचारपूस करणं भाग होतं. तो कमरेत किंचित वाकला.

"तुम्ही कोणाच्या?"

कुणीतरी खुर्ची मागे सारून उठलं. तो मोठा माणूस होता. तो खिडकीपाशी जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. "दादा," तो म्हणाला, "दादा, काय केलंस हे." तो कुणाशी बोलत होता ते कळलं नाही.

मुलगी रडली नाही. तिने एकदा खिडकीतल्या त्या पाठीकडे पाहिलं, मग वळून याच्या तोंडाकडे.

"तुमचीच," ती म्हणाली.

ते ऐकून त्याला बरं वाटलं. त्याने चहाचा घोट घेतला. चहा गरम होता.